लाखेच्या पॉलिशवर कॅमो रॅप : नाशिकमधल्या एका एअर रायफलचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकमध्ये माझं रेडियमचं दुकान आहे. खऱ्या रेडियमचा या धंद्याशी काडीचाही संबंध नाही, पण व्हिनाइलच्या चिकट शीटला आपल्याकडे सगळे रेडियमच म्हणतात, म्हणून पाटीवरही तेच. नंबरप्लेट, टेम्पोच्या फाळक्यावरचे आशीर्वाद, रिक्षाचे पट्टे हे रोजचं काम, आणि गेली काही वर्षं गाड्यांचं पूर्ण रॅपिंग. पत्रा, फायबर आणि काच यांच्याशी आयुष्य गेलं. लाकडाशी फारसा संबंध आला नव्हता, आणि हे प्रकरण नेमकं तिथेच घडलं. यात तीन मोठ्या चुका झाल्या. दोन गिऱ्हाइकाच्या, एक माझी. नावं वगळली आहेत आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.

वस्तू होती छऱ्याची बंदूक, म्हणजे ४.५ मिलिमीटरची स्प्रिंगवाली एअर रायफल. नळी मोडून, म्हणजे सांध्यात खाली वाकवून, कॉक करायची (स्प्रिंग चढवायची), लाकडी दस्त्याची. मालक टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका. त्यांनी ती तिशीत घेतली होती, आणि घरातलं फर्निचर पॉलिश करायला आलेल्या मिस्त्रीकडून दस्ताही पॉलिश करून घेतला होता. हा शेवटचा तपशील मला फार उशिरा कळला. तो पहिल्या पाच मिनिटांत विचारला असता, तर हे लिहायची वेळच आली नसती.

ती रायफल आता पुतण्या वापरतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, राहतो इंदिरानगरला. गिरणाऱ्याच्या बाजूला त्यांचं थोडं शेत आहे. तिथे विहिरीच्या कडेला मातीचा उंच बांध आहे, त्यापुढे कागदी टार्गेट लावून दहा मीटरवरून हा मुलगा सराव करतो. कायद्याचं सांगायचं तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, आणि ही त्यात बसते. तरी काका ती कव्हरमध्ये घालूनच घराबाहेर काढतात. दुकानात आणली तेव्हाही बॅडमिंटनच्या लांब बॅगेत होती, वरून टॉवेल.

पुतण्याने घरी काय केलं

जुलैचा पहिला आठवडा, संततधार पाऊस, कॉलेजला सुट्टी. दस्त्याला कॅमो रॅप करायचं, म्हणजे झाडीत मिसळून जाईल अशा छापाची शीट चढवायची, त्याच्या मनात आलं. एका फ्लेक्सच्या दुकानातून त्याने पानाफांद्यांचं डिझाइन व्हिनाइलवर छापून आणलं. सकाळी दिलं, दुपारी हातात. गुंडाळी उघडली तेव्हा शाईचा उग्र वास येत होता, असं त्यानेच सांगितलं. धंद्यातल्या माणसाला एवढं ऐकूनच पुढचं कळतं. सॉल्व्हंट शाई छापल्यावर शीट निदान एक दिवस सैल, हवेशीर ठेवावी लागते. शाईतला सॉल्व्हंट उडून गेला नाही तर तो शीटमध्ये मुरतो, शीट लुसलुशीत होते आणि मागचा गोंदही ढिला पडतो. त्यातून ती शीट होती कॅलेंडर्ड, म्हणजे रोलरमधून दाबून काढलेली, बोर्डासाठीची. सपाट पाटीवर ती वर्षानुवर्षं टिकते. वळणावर ताणली की मूळ आकाराला परत जायला बघते. गाड्यांना आम्ही कास्ट शीट वापरतो. ती पातळ असते आणि ताणल्यावर गप्प बसते.

तरी शीट हे दुय्यम कारण. मुख्य गोष्ट त्याआधी घडली.

पृष्ठभाग अल्कोहोलने पुसून घ्यावा हे त्याला माहीत होतं, आणि ते बरोबरच आहे. मीही गाडीचा पत्रा आयसोप्रोपिलने पुसतो. मोबाइलची स्क्रीन पुसायची बाटली घरात होती. कापूस ओला करून त्याने दस्ता दोनदा घासून पुसला. कापसावर तांबूस-पिवळं काहीतरी आलं. त्याला वाटलं जुना मळ. मग लाकडावर बोट ठेवलं तर किंचित चिकट लागलं, बोट उचलताना बारीक 'चट्' असा आवाज आला. यावर तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत : "दादा, मला वाटलं बरंच झालं, आता आणखी घट्ट बसेल."

तो मळ नव्हता, लाखेचं पॉलिश होतं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणूनच जुने मिस्त्री ती स्पिरिटमध्ये भिजवून लावतात. वाळलेल्या लाखेवर पुन्हा अल्कोहोल फिरवलं की ती परत मऊ होते. त्या मऊ, ओलसर लाखेवर त्याने शीट बसवली आणि हेअर ड्रायरने गरम करत दाबून दाबून चिकटवली. शीटचा गोंद आणि दस्त्याची लाख एकमेकांत मिसळून वाळले.

दस्ता त्याने रायफलीपासून सोडवलाही नाही. ट्रिगर गार्डभोवती शीट कापली, आणि दस्त्याच्या पुढच्या भागाखाली कॉकिंगचा दांडा सरकतो ती लांब खाच आहे, तिच्या कडेवरून कटर फिरवला. कटरचा दाब शीटपुरता राहत नाही, खाली लाकूडही कापलं जातं. खाचेत वळवलेली शीटची कड दुसऱ्यांदा कॉक करताना दांड्यात अडकली आणि चुरगळून आत ओढली गेली.

अडचण माझ्यापर्यंत पोचली तेव्हा

चार-पाच दिवसांत मुठीच्या वळणावरची शीट उचलली. तिथे दस्ता दोन्ही दिशांना वळतो, त्यामुळे शीट सगळ्यात जास्त ताणलेली होती. नेम धरताना गाल टेकतो त्या उंचवट्यावर फुगे आले. मुठीवर जाळीदार कोरीव नक्षी आहे, तिच्यावर शीट फक्त उंच टोकांना चिकटली होती, खोलगट भागांत हवा. हात घामेजला की ती हवा इकडून तिकडे पळायची. पुतण्याने उचललेली टोकं पुन्हा गरम केली, पुन्हा उचलली, आणि तिसऱ्यांदा ट्यूबमधल्या झटपट गोंदाचे तीन थेंब टाकून दाबली. ही दुसरी चूक, आणि ती त्याने काकांना सांगितली नव्हती. मला दुकानाबाहेर, काका रिक्षाचे पैसे देत असताना हळूच सांगितली.

काकांचं म्हणणं एकच होतं : "भाऊ, हे काढून द्या. लाकूड जसं होतं तसं दिसू दे."

पुतण्याचं वेगळं : "काका, नीट शीट आणून दादांकडून परत करून घेऊ ना. पैसे मी देतो."

पहिली दहा मिनिटं मी रायफलकडे बघितलंही नाही, त्या दोघांचं ऐकत होतो. मग काकांनीच बॅग उघडली. नळी थोडी मोडून आत छर्रा नाही हे स्वतः पाहिलं, मला दाखवलं, स्प्रिंग चढलेली नाही याची खात्री करून दिली. हे त्यांनी मला न विचारता केलं, आणि ते तसंच व्हायला हवं. कॉक केलेल्या रायफलीचा दस्ता सोडवायचा नसतो. पुढे बाजूला दोन स्क्रू आणि ट्रिगर गार्डचे दोन, एवढे काढल्यावर दस्ता वेगळा झाला. यंत्रणा काकांनी टॉवेलात गुंडाळून परत बॅगेत ठेवली आणि ती घरीच नेली. माझ्याकडे राहिलं नुसतं लाकूड. त्यामुळे माझंही निम्मं टेन्शन गेलं, कारण काउंटरवर बंदूक ठेवून काम करायची माझी तयारी नव्हती. हवा भरलेल्या सिलिंडरची, म्हणजे पीसीपी रायफल असती तर दस्ता सुटा झाल्याशिवाय तिच्या आसपास हीट गन चालूसुद्धा केली नसती.

माझी चूक

गाडीवरून शीट काढायची रीत ठरलेली आहे. हीट गनने गरम करायचं, गोंद सैल पडतो, मग सावकाश ओढायचं. हात सवयीने तिकडेच गेला. बुडाकडच्या सपाट बाजूपासून सुरुवात केली, गरम केलं, एक कोपरा उचलला आणि ओढलं. शीट छान सुटली, सुरकुतीसुद्धा नाही. मी खूश. दोनेक इंच पट्टी निघाल्यावर ती उलटी करून पाहिली आणि पोटात गोळा आला. पट्टीच्या मागच्या बाजूला लाकडाचे रेषे उमटले होते. तांबूस, चकचकीत, अगदी छापल्यासारखे. दस्त्यावर त्या जागी कोरडं, फिकट लाकूड.

काका स्टुलावर बसले होते. रागावले नाहीत. पट्टी हातात घेतली, चष्मा वर करून बघितली आणि म्हणाले, "ही लाख आहे हो. आम्ही उभा जन्म मेलबॅगांना लाखेची सीलं मारली. मेणबत्ती धरली की पातळ होते. तुम्ही तर तोफ लावलीत."

लाख ७०-८० अंशांच्या आसपास मऊ पडते. आमची हीट गन त्याच्या कितीतरी पुढे जाते, गाडीची कड बसवताना शीटच नव्वदच्या वर तापवतो आम्ही. पत्र्यावरचा रंग हे सोसतो, कारण तो भट्टीत भाजलेला असतो. लाखेचं तसं नाही. गोंद सैल करण्यासाठी मी जे करत होतो त्यानेच पॉलिशही सुटत होतं, आणि शीट दोन्ही बरोबर घेऊन येत होती.

काम तिथेच थांबवलं. हा या प्रकरणातला पहिला बरा निर्णय, आणि तोसुद्धा काकांमुळे. एकटा असतो तर 'आता सुरुवात केलीच आहे तर' म्हणून सगळं ओढून मोकळा झालो असतो. खोटं कशाला बोलू.

दस्त्यावर नक्की काय आहे

जुन्या नाशकात एक पॉलिश मिस्त्री आहेत, त्यांना फोन केला. त्यांनी फोनवरच परीक्षा सांगितली. दिसणार नाही अशी जागा शोधायची. दस्त्याच्या वरच्या खाचेत, जिथे यंत्रणा बसते, तिथे कडेला पॉलिशचे ओघळ असतात. तिथे स्पिरिटचा एक थेंब टाकायचा, मिनिटभर थांबायचं, बोट लावायचं. चिकट झालं तर लाख. स्पिरिटला दाद दिली नाही पण थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना हललं नाही तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइन. आणि थेंब सरळ लाकडात मुरला, वर थरच नसला, तर बहुतेक नुसतं तेलपाणी, जवसाचं वगैरे. त्यावर शीट बसवायची तर पंचाईत वेगळी. मुरलेलं तेल पुरतं वाळलेलं नसेल तर गोंदाला धरायला जागाच नसते. (जवसाच्या तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, हेही ते जाता जाता बोलले. ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवायची.)

थेंब टाकला. मिनिटभराने बोट चिकटलं, आणि तोच 'चट्' आवाज आला. पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने तो आवाज ओळखला.

एक थेंब, एक मिनिट. वीस वर्षं शीट चिकटवतोय, आणि शीट लाकडाला नव्हे तर लाकडावर जे काही आहे त्याला चिकटते हे मला त्या संध्याकाळी नीट कळलं. गाडीला हा प्रश्न येत नाही. तिथे खाली काय आहे हे कंपनीने ठरवून दिलेलं असतं.

समोर काय काय पर्याय होते

शीट काढायची, हे तर ठरलेलंच. कशी, एवढाच प्रश्न. गरम करून काढणं बाद. थंड ओढली असती तर लाखेचा पापुद्रा तुटून आला असता. मिस्त्रींनी टर्पेंटाइन सुचवलं, रंगाच्या दुकानात मिळतं ते. लाख टर्पेंटाइनमध्ये विरघळत नाही, पण शीटचा गोंद त्याने फुगतो आणि सुटतो. म्हणजे स्पिरिटच्या बरोबर उलट. मला हे ऐकून माहीत होतं, पण कधी गरज पडली नव्हती. वेळ लागणार होता, कारण व्हिनाइलच्या आरपार टर्पेंटाइन जात नाही. फक्त सुटणाऱ्या रेषेवरून आत सोडावं लागतं.

नंतर काय करायचं, यावर खरी चर्चा झाली. पुतण्याचा आग्रह कास्ट शीट घेऊन पुन्हा रॅप करायचा. ते जमलं असतं. त्यासाठी जुनं पॉलिश पेपरने पूर्ण घासून काढायचं, पीयूचा सीलर मारायचा, तो पुरता वाळू द्यायचा, मग शीट, आणि कापायला कटरऐवजी आत बारीक धागा असलेली टेप, म्हणजे लाकडाला पातं लागतच नाही. मी केलं असतं तर ते टिकलं असतं, आणि मला पैसेही चांगले मिळाले असते. पण तीस वर्षांचं पॉलिश कायमचं गेलं असतं. काका मानेनेच नाही म्हणाले. पाण्यावर तरंगणारी छपाई चढवतात तसं करणं किंवा स्टेन्सिलने रंगवणं हेही निघालं, पण दोन्हींत परतीची वाट नाही. पाच मिनिटांत विषय संपला.

मग मी पुतण्याला विचारलं, जे आधी विचारायला हवं होतं : "तुला कॅमो हवाय कशाला? कागदी टार्गेटला काय दिसतंय?"

आधी लाजला. मित्रांनी फोटो काढायचे ठरवले होते, नांदूरमध्यमेश्वरला. काका ताडकन उठले. ते अभयारण्य आहे, गोदावरी-कादवा संगमावरचं, राज्यातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या यादीतली, पाणथळ जागा. तिथे कॅमो लावलेली बंदूक घेऊन फोटोसाठी जायचं म्हणजे वनखात्याला स्वतःहून आमंत्रण. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि एअर रायफल घेऊन तिथे दिसलेल्या माणसावर 'मी फक्त फोटो काढतोय' म्हणून कोण विश्वास ठेवणार? काका आणखी एक म्हणाले, ते मला पटलं. आपल्याकडे देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, रस्त्यात जवान दिसतात. लष्कराने जानेवारी २०२२ मध्ये नवा डिजिटल छापाचा गणवेश आणला, त्यानंतर तशा छापाबद्दल लोक आणखी जागरूक आहेत. लष्करासारखा छाप आणि हातात रायफल, हे नाशकात तरी करू नये. पुतण्याचं डिझाइन पानाफांद्यांचं होतं, लष्करी नव्हतं, पण लांबून कोण फरक करत बसतंय.

एवढं बोलून झाल्यावर पोरगा हळूच म्हणाला, "आणि दादा, पावसात हात घसरतो. मूठ गुळगुळीत आहे, घाम आला की पकड सुटते."

हे खरं कारण होतं, निदान निम्मं तरी. नक्षी होती, पण इतक्या वर्षांत बोथट झालेली. पकड हवी असेल तर चिकट शीटचा उपयोग नाहीच, व्हिनाइल उलट जास्त घसरतं. कापड हवं. क्रेप बँडेजसारखी स्वतःलाच चिकटणारी कॅमो पट्टी मिळते. ती लाकडाला चिकटत नाही, गुंडाळायची, काढायची, डाग राहत नाही. मी ती सुचवली. तेवढ्यात काका म्हणाले, "मग गवसणी का नको?" घरी काकूंची पेटी आहे, भजनाची. तिला गवसणी आहेच. तशीच बंदुकीला.

काय केलं

शीट काढायला मला दोन संध्याकाळी लागल्या. रीत सांगतो, कुणाला उपयोग झाला तर झाला. कड उचलून शीट मागे पूर्ण दुमडायची, स्वतःवरच आडवी, वर उभी ओढायची नाही. सुटणाऱ्या रेषेवर बारीक ब्रशने टर्पेंटाइन सोडायचं आणि थांबायचं. अर्धा मिनिट, कधी मिनिटभर. मग नखाएवढं ओढायचं. पुन्हा ब्रश. खिडक्या उघड्या, पंखा चालू, आणि हीट गनचा प्लग काढून पलीकडच्या खोलीत, कारण टर्पेंटाइनची वाफ आणि हीट गन एका टेबलावर नको. दुसऱ्या दिवशी पुतण्या येऊन बसला आणि निम्मं त्यानेच काढलं. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका निघाला.

जिथे अल्कोहोल जास्त घासलं गेलं होतं तिथे लाख थोडी आलीच, विशेषतः गालाच्या उंचवट्यावर. बाकी ठिकाणी वाचली. राहिलेला गोंद टर्पेंटाइनच्या फडक्याने निघाला. नक्षीत अडकलेला जुन्या टूथब्रशने, रेषेच्या दिशेने.

झटपट गोंदाचे तीन थेंब मात्र तसेच. तो ॲसिटोनने निघतो, पण ॲसिटोन आजूबाजूच्या पॉलिशलाही सोडत नाही. ते मिस्त्रींवर सोपवलं. त्यांनी काचेच्या तुकड्याची ताजी कड घेऊन थेंब खरवडले, इतके अलगद की खालचं लाकूड जेमतेम उघडं पडलं. मग चपडा लाख, लिटरभर स्पिरिटला साधारण पावशेर, रात्रभर भिजवलेली, गाळलेली. कापसाचा बोळा, वर सुती कापड. आधी नुसत्या स्पिरिटचा हलका हात फिरवून जुनं पॉलिश जागेवरच मऊ करून त्यांनी सारखं केलं, मग पातळ हात एकावर एक. ज्या स्पिरिटने पुतण्याने सगळं बिघडवलं त्यानेच मिस्त्रींनी ते जुळवलं. हे बघताना मजा आली.

मध्ये चार दिवस काम बंद होतं. दमट हवेत लाखेवर पांढरट झाक येते, आणि त्या आठवड्यात नाशकात कपडे वाळत नव्हते. मिस्त्री म्हणाले, उघडीप पडू दे. काकांनी घाई केली नाही. पुतण्याने दोनदा फोन केला.

गवसणी काकूंनी शिवली. दोन तुकडे. एक मुठीपासून गालापर्यंत, एक पुढच्या भागाला, खालची कॉकिंगची खाच पूर्ण मोकळी ठेवून. खाली नाड्या, म्हणजे वेल्क्रोच्या काट्यांनी पॉलिश ओरखडणार नाही. कापड वाळक्या गवताच्या रंगाचं, जाड सुती, आतून जुन्या धोतराचं अस्तर. छाप वगैरे काही नाही. पुतण्याला आधी ते आवडलं नाही.

काय झालं शेवटी

दस्ता शंभर टक्के पूर्वीसारखा नाही. मी पहिल्यांदा ओढलेली दोन इंचांची पट्टी बुडाजवळ आजही उन्हात तिरकी धरली की जरा फिकट दिसते. जुन्या लाखेचा रंग वयाने गडद झालेला असतो, नव्या हातांना तो लगेच येत नाही. खाचेच्या कडेची कटरची रेघ तशीच आहे. मिस्त्री ती भरायला तयार होते, काकांनी नको म्हटलं. मिस्त्रींचे पैसे निम्मे मी दिले, कारण फिकट पट्टी माझी. माझ्या मजुरीबद्दल काका आग्रह करत होते, शेवटी एका संध्याकाळचे घेतले.

गवसणीने पकडीचं काम केलं. पण सप्टेंबरमध्ये, गणपती उठल्यावर, पुतण्याचा फोटो आला : ट्रिगर गार्डच्या एका स्क्रूवर गंजाचे ठिपके. गवसणी पावसाळाभर चढवलेलीच होती. ओलं कापड लोखंडाला टेकून राहिलं तर दुसरं काय होणार? हे मला आधी सांगता आलं असतं, कारण चिकट पट्टीबद्दल मी तेच सांगणार होतो आणि गवसणीच्या वेळी विसरलो. आता सराव झाला की तो ती काढून दोरीवर टाकतो आणि लोखंडावरून तेलाचं फडकं फिरवतो.

परत वेळ आली तर

पुतण्याच्या जागी असतो तर पिवळा कापूस दिसताच थांबलो असतो. त्या क्षणी थोडंच पॉलिश गेलं होतं. दिवसभर उघडं ठेवलं असतं तर लाख पुन्हा टणक झाली असती आणि विषय संपला असता. उचललेल्या कडेला झटपट गोंद लावण्याचा मोह मात्र मी समजू शकतो, माझ्याकडची पोरंही करतात. पण तिथून पुढे प्रत्येक उपाय महाग होत जातो. आणि काही चिकटवायचंच असतं, तर दस्ता सुटा करून, खाचेपासून निदान बोटभर लांब.

माझ्या बाजूने, हीट गन हातात घेण्यापूर्वी 'याला पॉलिश कुणी केलं होतं' हा एक प्रश्न. काका समोरच बसले होते आणि त्यांना उत्तर ठाऊक होतं. आणि 'कशाला हवंय' हा दुसरा, जो मी दीड तासाने विचारला. एक निर्णय मला अजूनही नीट ठरवता आलेला नाही : दोन इंचांवर थांबलो तेव्हा ती पट्टी परत जागेवर दाबून बसवायला हवी होती का? लाख गरम होती, कदाचित थोडी परत बसलीही असती. मिस्त्री म्हणतात, फुगे आले असते. मी करून पाहिलं नाही.

ती पट्टी मी फेकली नाही. काउंटरच्या काचेखाली आहे, उलटी, लाकडाच्या रेषा दिसतील अशी. शेजारी स्पिरिटची छोटी बाटली. परवा एक बाई झोपाळ्याची पाटी घेऊन आल्या, संगमरवरी छापाची शीट लावून हवी होती. पाटीच्या खालच्या बाजूला थेंब टाकला, मिनिटभर थांबलो, बोट लावलं. चट्. पाटी परत त्यांच्या रिक्षात ठेवून दिली आणि मिस्त्रींचा नंबर लिहून दिला.